'धोका' की 'जोखीम'?

भाषांतर करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: जेंडर डिस्फोरियासाठी (म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव न जुळल्याने होणाऱ्या तगमगीसाठी) दिल्या जाणाऱ्या हॉर्मोन उपचारांवरच्या लेखात 'रिस्क'साठी 'धोका' लिहू की 'जोखीम'? की दोन्ही एकच? नमुन्याला त्यांनी स्वतःचं वाक्य दिलं आहे: 'लिंगभाव-विकृतीवरचे हॉर्मोन धोकादायक असल्याचं ब्रिटनमध्ये सिद्ध झालं.'

जोखीम लिहा. आणि या वाक्यातले आणखी दोन शब्दही बदलायला हवेत, 'सिद्ध' आणि 'विकृती'.

'धोका' हा पाटीवरचा शब्द आहे. घाटातल्या वळणावर किंवा विजेच्या खांबावर तो दिसला की माणूस मागे सरतो. किती, कुणाला, कशाच्या बदल्यात असं तिथे कुणी विचारत बसत नाही. धोकाही पत्करतात हे खरं, पण 'जोखीम' ऐकली की मन हिशेबाला लागतं. दागिने किंवा रोकड घेऊन प्रवासाला निघालेली माणसं 'बरोबर जोखीम आहे' म्हणतात, म्हणजे मोलाचं काही सांभाळून न्यायचं आहे. शिवाय कानाला लगेच 'जोखणं' आठवतं. तराजू आला की दुसरं पारडंही आलं.

या उपचारांवरच्या वादात सगळं अडतं ते त्या पारड्यांपाशीच. इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनमुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, पण कोणतं इस्ट्रोजेन? ॲमस्टरडॅममधल्या जुन्या अभ्यासांत गुठळ्यांचं प्रमाण फार मोठं दिसलं होतं, तेव्हा बहुतेकांना एथिनिल एस्ट्रॅडायॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जात. ते औषध पुढे या उपचारातून मागे पडलं. त्वचेवरच्या पट्टीतून दिलेल्या एस्ट्रॅडायॉलने, म्हणजे शरीरात मुळात असणाऱ्या इस्ट्रोजेनने, ही जोखीम कमी राहते असं दिसतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हॉर्मोनने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासतात. पौगंडावस्था थोपवणाऱ्या औषधांनी हाडं भरण्याचा वेग मंदावतो. या तिन्ही गोष्टींना 'धोका' हे एकच लेबल लावलं, तर वाचकाला त्यांच्यातला फरक कळायचा कसा?

आता 'सिद्ध'. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४मध्ये आला. तो इंग्लंडमधल्या मुलांसाठी व किशोरांसाठी असलेल्या लिंगभावविषयक आरोग्यसेवेबद्दल आहे, प्रौढांबद्दल नाही. यॉर्क विद्यापीठाने त्यासाठी उपलब्ध अभ्यास तपासले आणि पुरावा कमकुवत ठरवला. कमकुवत पुरावा म्हणजे अपाय सिद्ध झाला असं नव्हे, आणि अपाय नाही असंही नव्हे. सोळा वर्षांनंतर हॉर्मोन देण्याचा पर्याय त्या अहवालाने ठेवला, मात्र कमालीची सावधगिरी सांगितली. स्वीडनच्या आरोग्य मंडळाने २०२२मध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी, एकूण गट म्हणून पाहता, जोखमीचं पारडं फायद्यापेक्षा जड ठरवलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३मध्ये उपचारांच्या बाजूची आपली भूमिका कायम ठेवली. तराजू सगळ्यांच्याच हातात आहे, काटा मात्र प्रत्येकाला वेगळीकडे झुकलेला दिसतो. मराठी वाचकापर्यंत हे पोचायलाच हवं, कारण तो वाचक एखाद्या मुलाची आईही असू शकते.

'विकृती' तर मुळीच नको. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीने २०१३मध्ये आधीच्या नावातला 'विकार' काढला आणि 'डिस्फोरिया' घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर 'विसंगती' या अर्थाचा शब्द आहे आणि ती नोंद मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. म्हणून 'विसंगती' आणि 'डिस्फोरिया' यांची सरमिसळही टाळा: जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव जुळत नाही ही विसंगती, आणि त्यातून होणारी तगमग म्हणजे डिस्फोरिया.

मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. ग्रीक 'डिस' म्हणजे आपला 'दुस्', आणि 'फेरो', मी वाहतो, हा संस्कृत 'भृ'चा सख्खा भाऊ. 'भार' त्यातूनच आला. म्हणजे डिस्फोरियाचं अगदी शब्दशः संस्कृत रूप 'दुर्भर', वाहायला जड. लेखात 'दुर्भर' लिहा असं मी म्हणणार नाही, वाचक अडखळेल. पण जोखीम जोखताना दुसऱ्या पारड्यात काय असतं ते या शब्दातच आहे. 'लिंगभाव-क्लेश' मला चालेल. सध्या 'जेंडर डिस्फोरिया' ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगितलात तर अधिक बरं.

तेव्हा ताई, वाक्य असं करा: 'जेंडर डिस्फोरिया असलेल्या मुलांना व किशोरांना दिल्या जाणाऱ्या हॉर्मोन उपचारांच्या फायद्यांचा आणि जोखमींचा पुरावा कमकुवत असल्याचं ब्रिटनमधल्या अहवालात म्हटलं आहे.' लांबलं खरं, पण छाटू नका.