रील डिलीट करू नको, पण तो एक तुकडा काढ

प्रिय बेटा,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आपल्या मंडळीतल्या वादांवर तू केलेली ती विनोदी रीलही बघितली, दोनदा बघितली, आणि पहिले हेच सांगते की ती डिलीट करायची नाही. चर्च कमिटीतले लोक चिडले म्हणून सगळंच काढून टाकलंस तर उद्या मंडळीतलं कोणतंच पोरगं कशावर तोंड उघडणार नाही, आणि जे बोलायचं ते सगळे गेटच्या बाहेर गाडीवर बसून बोलतील, ते जास्त वाईट. पण पार्ट टू टाकायची घाई पण नको करू. त्या रीलमधला एक तुकडा मला लागला, त्याच्यावर येतेच.

आधी ते "चर्चमध्ये हसणं शोभत नाही" वालं घेऊ. ज्यांनी तुला हे म्हटलं ते माझ्याच वयाचे आहेत, त्यांचं मन वाईट नाही हे मला माहीत आहे, पण बायबल काही त्यांच्या बाजूने नाही. प्रेषितांची कृत्ये काढ, विसावा अध्याय. त्रोवसला पौलाचा संदेश चालू आहे, सकाळी निघायचं आहे म्हणून मध्यरात्र झाली तरी तो बोलूनच राहिला, माडीवर भरपूर दिवे लागलेले, आणि युतुख नावाचा तरुण पोरगा खिडकीत बसलेला, त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली! लोकांनी उचललं तर मेलेला. पौल खाली उतरला, त्याला कवटाळलं, म्हणाला घाबरू नका, जीव आहे याच्यात. आणि मग परत वर गेला, भाकर मोडली, आणि पहाट होईपर्यंत पुन्हा बोलला. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने यातलं काही झाकलं नाही, पौलाचा मान राखायला म्हणून "थोडक्यात संदेश झाला" असं पण नाही लिहिलं. आणि मुख्य म्हणजे तो स्वतःला त्या जमलेल्या लोकांत धरून लिहितो, आम्ही भाकर मोडायला जमलो होतो म्हणतो. तो त्या माडीवर होता, त्याने पण ते लांबलेलं भाषण ऐकलं, त्या पोराला पडताना पाहिलं, आणि तो जिवंत निघाला तेव्हा त्याच्याही जिवात जीव आला असेल. मला वाटतं मंडळीबद्दल विनोद करणाऱ्याने असंच बसलेलं असावं, लोकांच्या मध्ये, त्याच खोलीत.

बाकी उदाहरणं तुला माहीतच आहेत. पेत्र तुरुंगातून सुटून दारात उभा, आणि रोदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत सांगायला पळाली. स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस तर प्रभूनेच आपल्यासमोर उभा केला, आणि चिलट गाळून उंट गिळणारे पण.

आता तुझ्या रीलमधले वाद. ड्रम की तबला, गिटार की पेटी, प्रोजेक्टर की गीतपुस्तक. तू त्यात आजोबांना "आपलं भजनच खरं, हे गिटार-बिटार बाहेरचं" म्हणताना दाखवलंस, मस्त जमलं. पण त्या आजोबांचा मुद्दा आणखी खोल आहे, तो तुला माहीत असता तर सीन अजून चांगला झाला असता. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नागपुरात राहत होते, संस्कृतचं काम करत होते, इथूनच राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, तेव्हा मराठी चर्चमध्ये मुख्यतः विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालायची. म्हणजे आजोबा ज्या टाळ-तबल्याच्या भजनासाठी आज भांडून राहिले तेच भजन एका काळात चर्चमध्ये नवीन होतं! आजोबांची मजा करताना हा धागा घे ना. पंचवीस-तीस वर्षांनी गिटारवाला पोरगा कमिटीत बसून कोणत्या नवीन वाद्यावर ऑब्जेक्शन घेईल ते पण दाखव, मग आजोबाही हसतील आणि तो पोरगाही.

आणि आपलं गाव तर अशा वादांसाठी फार मोठं गाव आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया सुरू झालं, सहा पंथांच्या मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल आधीच एकत्र येऊन झालेलं युनायटेड चर्च होतं, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून सुरू होती, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर, आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट तर अगदी शेवटी मागे फिरले. कोणी बाळांना बाप्तिस्मा देणारे, कोणी म्हणणारे की कळत्या वयातच घ्यायचा, कोणाला बिशप पाहिजे, कोणाला नको. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ठेवल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीवर लोक एका ताटात जेवायला तयार झाले आणि आपण लग्नात हळद लावायची की नाही यावरून प्रीतिभोजनाला दोन पंगती करून राहिलो, हा विषय तुझ्यासारख्यानेच घ्यावा.

टिकलीचा विषय मात्र जपून घे बेटा. तुला तो सोपा वाटला, एक मावशी येते आणि नव्या सुनेच्या कपाळाकडे बघून तोंड वाकडं करते. पण त्या मावशीच्या घरात काय झालं ते विचारलंस का? आपल्याकडे कितीतरी घरांत आजी-पणजीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी बोलणं टाकलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, माहेरचा उंबरा बंद झाला. कुंकू पुसणं तिच्यासाठी येशूचं नाव सगळ्यांसमोर घेण्यासारखं होतं, आणि त्याची किंमत तिने मोजली. तिची नात आज टिकली बघून अस्वस्थ होते तर त्यात ते सगळं आहे. आणि दुसरीकडे ती सून, तिला मोहल्ल्यात पाच बाया विचारतात की बापा, कपाळ काऊन मोकळं, नवरा आहे ना गं, म्हणून ती टिकली लावते, क्रॉसवालं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र घालते, आणि रविवारी पदर घेऊन पहिल्या बाकावर बसते. दोघी प्रभूसाठीच करून राहिल्या. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच्यासाठीच आहे, एक सगळं खातो, एक भाजीच खातो, आणि पौल दोघांनाही म्हणतो दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण. हे दोन्ही बाजूंनी दाखवायची तयारी असेल तरच टिकलीवर सीन कर, नाहीतर सध्या राहू दे.

आता तो तुकडा. रीलच्या शेवटी तू मंडळीतल्या त्या बाईंच्या प्रार्थनेची नक्कल केलीस, तो कापरा आवाज, "हे दयाळू पित्या" तीन-तीनदा म्हणणं, मध्येच रडू येणं. नाव नाही घेतलंस पण मंडळीतल्या प्रत्येकाला कळलं कोण ते. बेटा, सूचना संदेशापेक्षा लांबतात यावर हस, "शेवटचा मुद्दा" म्हणून पुढे अर्धा तास चालतो त्यावर हस, पण माणूस डोळे मिटून देवाशी बोलतो तेव्हा त्याची नक्कल करायची नाही. तो वाद नाही, ती सवय नाही, तिथे ती बाई उघडी असते. तसंच कोणाच्या खेड्यातल्या बोलीवरून नाही, अर्पणाच्या पाकिटात किती टाकलं त्यावरून नाही, आणि कोण कोणत्या जातीतून आलं याच्या जवळपासही जायचं नाही, त्या जखमा चर्चमध्ये अजून ओल्या आहेत, कोणी कितीही म्हणो की आपल्यात तसं काही नाही.

अजून एक, मंडळीच्या हॉलमध्ये केलेला विनोद आणि मोबाईलवर सुटलेला विनोद एक नसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्यापेक्षाही थोडे कमी होते. रील जरीपटक्यातल्या, सदरमधल्या आपल्या लोकांच्या बाहेर गेली की बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चर्च आतून कधी पाहिलेलंच नसतं, त्यांना तुझी माया दिसत नाही, फक्त रडणारी बाई दिसते. म्हणून आधी यूथ फेलोशिपमध्ये कर, ज्यांच्यावर आहे त्यांना समोरच्या रांगेत बसवून कर. ते हसले तर टाक.

माझं ऐकशील तर पुढची रील हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चमधल्या पिकाच्या सणाच्या, लिलावावर कर. काय नाही त्यात! कोणाच्या तरी परसातला भोपळा, दोन अंकल हट्टाला पेटून बोली चढवतात, जिंकणारा मोठ्या मनाने म्हणतो "पुन्हा लिलावाला ठेवा", तोच भोपळा दुपारपर्यंत चारदा विकला जातो, पाय बांधलेला कोंबडा मध्येच सुटून बाकांखाली शिरतो, बोली बोलणारे भाऊ घसा बसला तरी थांबत नाहीत, लहान पोरं संत्र्यांच्या टोपलीजवळ घुटमळतात, आणि आंटी लोक हिशोब ठेवतात की कोणाचा केक किती वेळात गेला. सगळे त्यात आहेत, श्रीमंत, गरीब, भांडलेले, न भांडलेले, आणि त्या पैशातून चर्चचं काम चालतं. त्यात कोणाला कमी करायची गरजच पडत नाही. नाताळच्या कॅरोल राऊंडवर पण करता येईल, पण ते डिसेंबरमध्ये बघू.

तर तेवढा प्रार्थनेचा भाग कापून रील पुन्हा टाक, आणि टाकायच्या आधी बाईंच्या घरी जा. मेसेज नको पाठवू, जा. एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर शनिवारी संध्याकाळी मी रिकामी आहे, सोबत येते. लिलावाची स्क्रिप्ट कच्ची असली तरी पाठव, आणि कमिटीला परवानगीचा अर्ज देशील त्यात खाली माझं नाव टाक, मीटिंगला मी बसते तुझ्या बाजूने.

तुझी,
आंटी