युरोपात रेल्वे आणि बसचा प्रवास ऑनलाइन कसा आखावा?

म्युनिक, व्हेनिस आणि पॅरिस अशी सहल स्वतः आखण्यासाठी कोणती ऑनलाइन साधने वापरावीत, असे आपण विचारले आहे. रेल्वे, बस की विमान सोयीचे पडेल, याचा ढोबळ अंदाज रोमटूरिओ (Rome2Rio) या संकेतस्थळावर येतो. मात्र तेथील वेळा आणि भाडी अंतिम मानू नयेत. वेळापत्रकासाठी जर्मन रेल्वेचे 'डीबी नॅव्हिगेटर' हे ॲप मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण त्यात शेजारच्या देशांतील गाड्याही दिसतात आणि गाडी बदलण्यासाठी किमान किती वेळ हवा, हे आधीच ठरवून शोध घेता येतो. जड सामान किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील, तर तो निदान 20 मिनिटे ठेवावा.

तिकीट शक्यतो त्या त्या देशाच्या रेल्वेकडून, म्हणजे इटलीत त्रेनइतालिया आणि फ्रान्समध्ये एसएनसीएफकडून काढावे. स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरते असते, त्यामुळे विमान उतरल्यावर लगेच सुटणाऱ्या गाडीचे ते घेणे धोक्याचे ठरते.

स्थानकाचे नाव नीट वाचावे. व्हेनिसचे मेस्त्रे स्थानक मुख्य भूमीवर आहे, तर सांता लुचियातून बाहेर पडताच समोर कालवा लागतो. हॉटेल कुठे आहे, त्यावरून उतरण्याचे ठिकाण ठरवावे. फ्लिक्सबस या बस कंपनीचा थांबा पुष्कळदा गावाबाहेर असतो, तो नकाशावर पाहूनच तिकीट काढावे. युरोपीय रेल्वेचे नवे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास लागू होत असल्याने, त्यापुढच्या तारखांच्या गाड्या आज दिसल्या नाहीत, तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे.