शेजारच्या काकांची रक्त पातळ करायची गोळी कुत्र्याला द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिनू, पोमेरेनियन, वय ११, वजन ६ किलो. हृदयातली मायट्रल झडप गळते. गेल्या महिन्यात फुप्फुसात पाणी झालं, आता पिमोबेंडान (हृदयाला बळ देणारी गोळी) आणि लघवीच्या गोळीवर ठीक आहे. परवाच्या रिपोर्टमध्ये डी-डायमर वाढलेला आणि प्लेटलेट ८५ हजार. आणि खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी झालीय, म्हणतात, "हार्टचा पेशंट ना, मग रक्त पातळ करायची गोळी लागतेच, माझ्यातली अर्धी घ्या."

नका देऊ. निदान त्या ८५ हजारांचं कारण कळेपर्यंत तर अजिबातच नका.

मी दिली होती, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितोय. आमचा बंड्या, डॅशहुंड, त्यालाही हाच झडपेचा आजार. घरात वडिलांची इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, होतीच. डॉक्टरांना न विचारता मी रोज पाव गोळी पोळीच्या तुकड्यात घालून द्यायला लागलो. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी आणि चिकट, हिरड्या पांढऱ्याफटक. पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात होतं. वाचला, पण माझ्या शहाणपणापायी तीन आठवडे गेले, आणि लघवीच्या गोळीचा डोस सांभाळताना डॉक्टरांची तारांबळ उडाली ती वेगळीच.

काकांचं चुकतं कुठे, तर "हार्टचा पेशंट" या शब्दात. आपल्याकडे हार्ट म्हटलं की ब्लॉकेज. चाळीत, सोसायटीत, दर दुसऱ्या घरात कुणाला तरी स्टेंट आहे. माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा थर साचतो, तो फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि झटका येतो. ती गुठळी होऊ नये म्हणून गोळी. कुत्र्यात हा प्रकार जवळजवळ होतच नाही. थायरॉईड फार कमी असेल किंवा मधुमेह असेल तर क्वचित, एरवी नाही. चिनूचं दुखणं वेगळं आहे. त्याच्या झडपेच्या पाकळ्या वयाबरोबर जाड आणि वेड्यावाकड्या झाल्यात, त्या नीट मिटत नाहीत. डावा कप्पा आकसला की थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे उडतं. मागचा कप्पा फुगत जातो, दाब फुप्फुसापर्यंत पोचतो आणि तिथे पाणी झिरपतं. नळी तुंबलेली नाही, दार सैल झालंय. सैल दाराला रक्त पातळ करून काय उपयोग?

मग डी-डायमर का वाढला, हा तुमचा खरा प्रश्न, आणि तो चांगला आहे. गुठळी बांधून ठेवणारी जी जाळी असते, ती शरीर विरघळवतं तेव्हा तिचे तुकडे रक्तात सापडतात. ते मोजायचे म्हणजे डी-डायमर. म्हणजे कुठेतरी गुठळी बनली आणि विरघळली, एवढंच त्यातून कळतं. कुठे, किती, का, हे तो आकडा सांगत नाही. ताप असो, मार लागलेला असो, ऑपरेशन झालेलं असो, आत रक्तस्राव असो, तो वाढतो. झडपेच्या आजारातून हार्ट फेल झालेल्या कुत्र्यांतही तो वाढलेला दिसतो, सोबत ती जाळी बनवणारं फायब्रिनोजेन जास्त आणि गुठळीला आवर घालणारं अँटिथ्रॉम्बिन कमी. दमलेलं हृदय सावरायला शरीर जे हार्मोन सोडतं, ते प्लेटलेटनाही चिडवतं. फुगलेल्या कप्प्यात रक्त रेंगाळतं. गुठळी व्हायला तीन गोष्टी लागतात असं सांगायची रीत विर्खो या जुन्या जर्मन डॉक्टरच्या नावाने चालत आलीय: रक्त संथ होणं, नळीच्या आतल्या अस्तराला इजा आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल. चिनूकडे यातलं थोडं थोडं आहे.

पण गंमत अशी, की हाच आजार रक्ताला उलट्या बाजूलाही ढकलतो. गळक्या झडपेतून रक्ताची जी पिचकारी मागे उडते, तिच्या जोराने फॉन विलेब्रांड नावाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात. प्लेटलेटना जखमेवर चिकटवणारा डिंक म्हणजे हेच प्रथिन, आणि सर्वात उपयोगी असतात त्या लांब साखळ्याच. कॅव्हेलियर जातीच्या कुत्र्यांत हे नीट तपासलं गेलंय: झडप जास्त गळत असेल तर साखळ्या कमी. म्हणजे चिनूचं रक्त घट्ट की पातळ, याचं उत्तर एका रिपोर्टवरून काकाच काय, मोठा डॉक्टरही देणार नाही. शिवाय ती पिचकारी फुगलेल्या कप्प्यातलं रक्त सतत ढवळत ठेवते, त्यामुळेही तिथे गुठळी बसत नसावी असं मानतात. कुत्र्यात झडपेच्या आजाराने गुठळी सुटून पाय गेले असं फार क्वचित घडतं ते बहुधा म्हणूनच.

मांजराची गोष्ट पूर्ण वेगळी, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच येतो. मांजराच्या हृदयाचा स्नायू जाड होतो, डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात गुठळी बनते, सुटते आणि मागच्या पायांकडे जाणाऱ्या फाट्यावर अडकते. तिथे क्लोपिडोग्रेल, म्हणजे प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारं औषध, खरंच लागतं. २०१५ च्या अभ्यासात ते अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरलं. २०१९ साली प्राण्यांच्या अतिदक्षता तज्ज्ञांनी गुठळीरोधक औषधांचे नियम एकत्र केले, त्यातही आजारी हृदयाच्या मांजराला होकार आहे; नुसत्या हृदयरोगाच्या कुत्र्याला सरसकट द्या असं नाही. कुत्र्यांत होकार आहे तो ज्यांच्या मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जातं त्यांना, आणि ज्यांचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी मारतं त्यांना. कुशिंग, म्हणजे स्टेरॉइड हार्मोन जास्त बनण्याचा आजार, तोही संशयितांत धरा. चिनू खूप पाणी पितो, पोट लोंबतंय, केस विरळ झालेत असं असेल तर डॉक्टरांना सांगा. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढून घ्या. स्वस्त तपासणी आहे. ते जास्त निघालं तर माझं वरचं सगळं म्हणणं बदलेल, मग डॉक्टर स्वतःच क्लोपिडोग्रेल लिहितील. तेव्हाही वजनावर हिशेब होतो आणि ७५ मिलिग्रॅमच्या माणसाच्या गोळीचा अगदी छोटा तुकडा पुरतो.

आता ८५ हजार. मला डी-डायमरपेक्षा याची जास्त काळजी वाटते. कुत्र्यात साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. पहिली शंका यंत्रावर घ्या. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले की यंत्र गठ्ठ्याला एक मोजतं किंवा मोजतच नाही. घाईघाईत, दोनदा टोचून, कुत्रा धडपडत असताना काढलेल्या रक्तात हे हमखास होतं. लॅबला सांगा, रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजा. (कॅव्हेलियर असता तर आणखी एक शक्यता होती: त्यांच्या प्लेटलेट जन्मतः मोठ्या आणि संख्येने कमी असतात, आणि तरी त्यांचं काही बिघडत नाही.)

काचेवरही कमीच दिसल्या, तर मुंबईत पहिलं नाव गोचीडतापाचं. एर्लिकिया. पावसानंतर भांडुप-मुलुंडच्या डोंगराकडच्या सोसायट्यांत गोचीड भिंतीवर चढताना मी पाहिलेत. चिनू खाली फक्त पाच मिनिटं जातो म्हणून सुटला असं नाही. हा ताप प्लेटलेट कमी तर करतोच, उरलेल्याही धड काम करत नाहीत. अशा कुत्र्याला अ‍ॅस्पिरिन म्हणजे आगीत तेल. निदान झालं तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे, पोट भरलेलं असताना. आणि सोसायटीत उंदरांचं औषध टाकलं असेल तर तेही सांगा. त्या निळ्या-हिरव्या वड्यांतलं ब्रोमॅडायोलोन व्हिटॅमिन के अडवतं, आणि खाल्ल्यावर दोन-चार दिवसांनी रक्त गोठेनासं होतं. प्लेटलेटपेक्षा पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, तिथे जास्त बोलते. ती तपासणी निळ्या झाकणाच्या बाटलीत, रेघेपर्यंत भरलेल्या रक्तावर करतात. कमी भरली तर आकडा खोटा येतो. आणि माणसांच्या लॅबमध्ये केली तर तुलनेला निरोगी कुत्र्याचा नमुना घेतलाय का ते विचारा.

गुठळी झालीच तर कशी ओळखायची, हेही तुम्ही विचारलंय. मागचे पाय अचानक लुळे किंवा लंगडे, पंजे पुढच्या पंजांपेक्षा थंड, नखांच्या मुळाशी निळसर, मांडीच्या आत बोट ठेवलं तर ठोका लागत नाही. कुत्र्यात हे कधीकधी हळूहळूही येतं: थोडं चाललं की मागे बसतो, परत उठतो. आणि फुप्फुसात गुठळी गेली तर एकाएकी जबरदस्त धाप लागते, पण एक्स-रेमध्ये धापेच्या मानाने फारसं काही दिसत नाही. यातलं काहीही दिसलं तर गोळीचा विचार न करता टॅक्सीत घाला. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि शेजारचं १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला माहीत असेलच. २०२४ पासून महालक्ष्मीलाही टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय आहे. पण पाऊस आणि ट्रॅफिक धरून भांडुपहून तासभर पकडा. धाप लागलेल्या कुत्र्याकडे तासभर नसतो, म्हणून घराजवळचा ऑक्सिजन असलेला दवाखाना आजच शोधून ठेवा.

धोका कुठून आहे तेही बघा. चिनूला बहुधा गुठळीने काही होणार नाही. पाणी परत भरण्याची भीती खरी आहे. तो गाढ झोपला की छाती वर-खाली होते तो एक श्वास, असे मिनिटभर मोजा. ३० च्या आत हवेत. औषध नीट लागू असेल तर बहुतेकदा २५ च्याही खाली राहतात. रोज रात्री कॅलेंडरवर लिहा. आकडा दोन दिवस चढत गेला तर डॉक्टरांना फोन, ३० च्या वर राहिला तर त्याच रात्री. बंड्याच्या वेळी हे मोजणं मला कुणी आधी सांगितलं असतं तर निदान एक मध्यरात्रीची धावपळ वाचली असती.

पिमोबेंडान जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी. २०१६ च्या मोठ्या अभ्यासात, हृदय वाढलंय पण अजून फेल झालेलं नाही अशा कुत्र्यांना ते दिल्यावर फेल होण्याचा टप्पा साधारण १५ महिने पुढे गेला होता. चिनूचा तो टप्पा उलटलाय, पण गोळी तरीही तीच, त्यामुळे एकही वेळ चुकवू नका. लघवीच्या गोळीसोबत मेलोक्झिकॅमसारखी वेदनाशामक नको, मूत्रपिंडं बसतात. आयबुप्रोफेन तर कुत्र्याला विषच. आणि मीठ. तुमच्याकडे बोंबील वाळत घालत असाल तर खिडकी बंद. बंड्याने एकदा मूठभर सुकट फस्त केली होती आणि तिसऱ्या रात्री आम्ही ऑक्सिजनच्या पेटीबाहेर बसलो होतो.

काकांना वाईट वाटू देऊ नका, मनापासून सांगितलंय त्यांनी. त्यांना म्हणावं, चिनूचा मामला स्टेंटचा नाही, दार सैल आहे.

काचेवरचा प्लेटलेटचा आकडा आला की इथेच लिहा, आणि आज रात्रीचे श्वासही.