केसपेपर तोंडी मागू नका, लेखी मागा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा सहा दिवस खासगी हॉस्पिटलात होते, अँजिओग्राफी झाली, बायपास सांगितलीय. तुम्हाला मुंबईला नेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय. काउंटरवर मात्र ‘फाइल हॉस्पिटलची असते, डिस्चार्ज कार्डावर काम चालवा’ असं सांगतात, आणि थोडं बिल बाकी आहे म्हणून तेही अडवून ठेवलंय. माझं कुडाळ तालुक्यात बावीस वर्षं मेडिकलचं दुकान आहे. असे कागद मागायला माणसांबरोबर मी बऱ्याचदा गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. मूळ फाइल हॉस्पिटलकडेच राहते. पण तिच्या प्रतीवर बाबांचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणजे २००२ चेच चालू आहेत. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की रुग्णाच्या केसपेपरची प्रत देताना गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही. झेरॉक्सचा खर्च घेऊ शकतात, तो द्या. बिलाचा वाद वेगळा. ७२ तासांच्या नियमात ‘बिल भरलं असेल तर’ अशी अट कुठेही नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही तीनदा जाऊन तोंडी मागितलंत. त्याचा पुरावा काय? काहीच नाही. ते ७२ तास मोजायचे तर मागणी कागदावर हवी. साधा अर्ज करा, मराठीत चालतो: बाबांचं नाव, आयपीडी नंबर (भरती झाल्यावर मिळालेला), दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, ‘माझ्या उपचारांच्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात, झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे.’ खाली बाबांची सही किंवा अंगठा. ते स्वतः जाऊ शकत नसतील तर तुमच्या नावाचं अधिकारपत्र आणि दोघांच्या आधारची प्रत. दोन प्रती काढायच्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्यायची. शिक्का मारायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. तिथून थेट पोस्टात जा आणि तोच अर्ज पोचपावतीसह पाठवा.

आणि ‘फाइल द्या’ एवढंच लिहू नका, कागदांची नावं घाला. दाखल करतानाचा केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सचा औषधांचा आणि तापाचा चार्ट, सगळे लॅब रिपोर्ट, ईसीजी, टू-डी इको, संमतिपत्रं, डिस्चार्ज कार्ड, आणि बाबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अँजिओग्राफीची सीडी. मुंबईचा हृदयरोगतज्ज्ञ नुसता लेखी रिपोर्ट वाचून मत देणार नाही, तो रक्तवाहिन्या स्वतः बघेल. सीडी नसेल तर अँजिओग्राफी परत करा म्हणायची पाळी येते. या वयात ते बाबांना का सोसायला लावायचं?

हे मी एवढं पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. लावणीच्या दिवसांत माझ्या मोठ्या भावाला ताप आला. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. एका लहान हॉस्पिटलात तीन दिवस होता, लघवी कमी झाली तेव्हा गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. निघताना मी कागद मागितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘बिल क्लिअर झाल्याबिगर फाइल देऊक जमाचा नाय.’ हातात दोन ओळींची चिठ्ठी ठेवली. बांबोळीत पहाटे डॉक्टरांनी विचारलं: कुठलं अँटिबायोटिक, किती डोस, पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन किती? आयुष्यभर औषधं विकणारा मी तिथे गप्प उभा. तो पहिला आकडा असता तर किडनी आत्ताच बिघडली की आधीपासूनची, हे त्यांना लगेच कळलं असतं. भाऊ डायलिसिसवर राहून वाचला. पण ती पहाट मी विसरलेलो नाही.

७२ तास उलटले तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी तक्रार करा, अर्जाची पोच जोडून. डॉक्टर अ‍ॅलोपॅथीचे असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही. आपल्या भागात बरेच डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे असतात, त्यांच्या कौन्सिल वेगळ्या आहेत, तेवढं बघून पाठवा. ग्राहक आयोगाची वाटही आहे. हॉस्पिटलला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. मात्र मुदत दोन वर्षांची. भरती रुग्णांचे कागद जपण्याचं बंधनही उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे, तेव्हा ‘गणपती झाल्यावर बघू’ असं करू नका. सरकारी हॉस्पिटल असतं तर दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचाही अर्ज करता आला असता.

तुम्ही चिठ्ठीचंही विचारलंय, की गावातले डॉक्टर पुड्या बांधून देतात, लिहून काहीच देत नाहीत. माझ्या दुकानात रोज कोणीतरी रिकामी पुडी घेऊन येतो: ‘हीच गोळी होयी.’ पांढरी, गोल, नाव नाही. मी काय देणार? डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा, ‘नाव आणि डोस लिहून द्या, बाबांची हृदयाची औषधं चालू आहेत.’ चांगला डॉक्टर रागावत नाही. औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा त्यांचाच नियम आहे. चिठ्ठी तुमची आहे, औषध कुठल्याही परवानाधारक दुकानातून घ्या. हॉस्पिटलमधल्याच मेडिकलमधून घ्या ही सक्ती चालत नाही. मी स्वतः दुकानदार असून सांगतोय. आणि कुठल्याही दुकानदाराने चिठ्ठी ठेवून घेतली तर परत मागून घ्या.

कागद हातात आले की त्याच दिवशी दोन कामं करा. ईसीजीची पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते, आपल्या दमट हवेत आणि प्लास्टिकच्या पाकिटात ती फिकी पडत जाते. तिची लगेच झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. आणि सीडी घेतल्यावर काउंटर सोडण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा, बाबांचं नाव आणि तारीख स्क्रीनवर बघा. कोरी सीडी घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला पोचलेली माणसं मला माहीत आहेत.