सह्याद्रीचे माथे सपाट आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात?

कारण हिमालयासारखी इथे जमिनीला घडी पडलेली नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहत आला, थरावर थर साचले आणि पठार तयार झालं. आज आपण ज्यांना डोंगर म्हणतो, ते बहुतांशी त्या पठाराचे झिजून उरलेले तुकडे.

घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीकडे एकदा नीट बघा. खाली घट्ट काळा बेसॉल्ट, वर बुडबुड्यांच्या भोकांचा ठिसूळ थर, कधी मध्येच विटेसारखा लाल पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खडक कुजून, पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघाला, तो हा पट्टा. ठिसूळ थर लवकर झिजतो, तिथे माती आणि झाडी. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो. तळाचा आधार गेला की चिरा पडून कोसळतो. ट्रेकमधली आडवी वाट बहुतेकदा अशाच मऊ पट्ट्यावरून जाते.

पाचगणीच्या टेबललँडवर तर जांभ्याची टोपीच आहे, म्हणून तो माथा टिकला.

कोकणाकडचे ओढे आखूड पण तीव्र उताराचे, म्हणून ते खडक जोरात झिजवतात; त्यामुळे कडा हळूहळू पूर्वेकडे सरकत आला. कड्याच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या कृष्णेचंच बघा: महाबळेश्वरहून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्याही आत, तरी ती जाते बंगालच्या उपसागराला!