‘म्युच्युअल एड’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की, भांडवली स्पर्धेला पर्याय म्हणून ज्याला म्युच्युअल एड, म्हणजे लोकांनी आपणहून एकमेकांना धरून राहणं, म्हणतात त्याच्यासाठी पत्रकात ‘परस्पर सहाय्य’ लिहिलं तर चालेल का.

चुकीचं नाही, पण आमच्या सोलापुरात ते वाचून कुणी थांबणार नाही. बोलताना ‘परस्पर’ कुठं येतो बघा की, परस्पर प्लॉट विकला, परस्पर पैसे उचलले, म्हणजे ज्याला सांगायला पाहिजे त्यालाच न सांगता. ‘एकमेकांना’ या अर्थाचा परस्पर पुस्तकातच राहिला.

मग ‘सहकार’? १९०४ साली इंग्रजांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, १९६० चा महाराष्ट्राचा स्वतःचा, आणि तेव्हापासून सहकार म्हणलं की नोंदणी, शेअर, ऑडिट, आमच्या जिल्ह्यात तर साखर कारखाना, पॅनल न् चेअरमनची गाडी. कुंभारीला विडी कामगार बायांची गोदूताई परुळेकरांच्या नावाची घरकुल सोसायटी आहे, हजारो घरं झाली, तो सहकार आणि चांगलाच सहकार, पण त्यातही फाइल आणि हप्ते आलेच. रशियन अराजकतावादी विचारवंत क्रोपोटकिननं ‘म्युच्युअल एड’ या १९०२ च्या पुस्तकात जे मांडलंय ते फाइलीच्या आधीचं आहे, सायबेरियातले प्राणी, खेड्यातल्या जुन्या रीती, कारागिरांचे गिल्ड म्हणजे संघ, आणि त्याचं म्हणणं एवढंच की टिकून राहायला नुसती झुंज पुरत नाही, एकमेकाला धरून राहणंही तेवढंच कामाला येतं.

याला रानातले शब्द आहेत आपल्याकडं. सावड, वारंगुळा, पैरा, गावागणिक वेगळा, पण काम साधारण एकच. तुझा एक बैल, माझा एक बैल, जोडी झाली, आज तुझं रान उद्या माझं. ज्वारी काढायलाही तसंच, तुम्ही आमच्याकडं दोन दिवस आला की आम्ही दोन दिवस यायचं. इर्जिक मात्र वेगळी. एखाद्याचा बैल मेला किंवा माणूस आजारी पडला की गावातली औतं एकाच दिवशी त्याच्या रानात उतरतात, तो फक्त जेवण घालतो, हिशोब नाही. फरक क्रियापदातच दिसतो, मदत करतात, इर्जिक घालतात, सावड मात्र फेडावी लागते.

शहरातही हे होतं, फक्त नाव नव्हतं. आमच्या वाड्यात उन्हाळ्यात पापडाची पाळी असायची, प्रत्येक बाई आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायची, आज आमच्याकडं, उद्या समोरच्या मावशींकडं, पोरांना लाट्या खायला मिळायच्या म्हणून आम्ही पण तिथंच घुटमळायचो. एकदा एका काकूंना यायला जमलं नाही तर त्यांनी पोराच्या हातून पैसे पाठवले. आई एवढी चिडली, म्हणली, “मला काय रोजानं लावलंय का?” पैसे तसेच परत गेले आणि त्या काकू पुढच्या आठवड्यात शेवयांना येऊन दिवसभर बसल्या, तेव्हा कुठं फिटलं. माझ्या मते स्पर्धा आणि बाजाराच्या विरुद्धची सगळी थिअरी त्या ‘रोजानं’ शब्दात आहे, पण ते असो.

सावडीत एक खोट आहे, तीही सांगतो. ज्याच्याकडं रान नाही, बैल नाही, तो सावडीत येतच नाही, तो रोजानंच जातो. म्हणून सावड म्हणजे सगळं गोडच असं पत्रकात लिहू नका. पूर, आजारपण असल्या अडचणीत धावून जाण्याबद्दल लिहायचं असेल तर ‘इर्जिक’ घ्या, रोजच्या देवाणघेवाणीबद्दल असेल तर ‘सावड’, आणि रीतसर संस्था काढणार असाल तर सरळ ‘सहकार’. तुमचं वाक्य होतं “परस्पर सहाय्य हा भांडवली स्पर्धेला सहकारी पर्याय आहे”. मी असतो तर लिहिलं असतं, “एकमेकाच्या वरचढ होण्यापेक्षा एकमेकाशी सावड करू.” ‘भांडवली’ घालायचंच असेल तर पुढच्या ओळीत घाला, पहिल्याच ओळीत नको.