मातीचा कोरडा नमुना भाराखाली कमी बसला म्हणून खूश होऊ नकोस

पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत कणांमधलं पाणी ताणात असतं. तोच ताण, म्हणजे सक्शन, कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. म्हणून कोरडी दाबलेली माती ताठ वागते, तिचा यील्ड स्ट्रेस, म्हणजे ज्या दाबाला ती कायमची दबू लागते तो दाब, वर जातो. पाणी शिरलं की आधार गेला: हलक्या भाराखाली ती फुगते, जड भाराखाली खचते. दोन्ही एकाच मातीत, त्यामुळे भार न सांगता ‘फुगणारी’ म्हणण्यात अर्थ नाही.

हे ओडोमीटरमध्ये, म्हणजे कड्यातला नमुना वरून दाबायच्या यंत्रात, तपासायचं तर ढेकळं फोड, पाणी मिसळ, बंद पिशवीत २४ तास मुरू दे. एकाच कोरड्या घनतेचे दोन नमुने कर, एक ऑप्टिममपेक्षा, म्हणजे ज्या ओलीला माती सर्वांत घट्ट दाबली जाते तिच्यापेक्षा, २-३ टक्के कोरडा, दुसरा तेवढाच ओला. नमुन्याच्या वर-खाली सच्छिद्र दगड कोरडेच लाव. भिजवलेले लावलेस तर ते नमुन्याला गुपचूप पाणी पाजतात. नमुना ठेवलेल्या सेलवर प्लास्टिक गुंडाळ, नाहीतर दिवसभरात नमुना सुकतो. २०० केपीए (किलोपास्कल) भाराला, नमुना किती बसला ते दाखवणारा डायल थांबला की पाणी सोड.

सक्शन मोजायला व्हॉटमन ४२ हा गाळणकागद, मातीला नीट टेकलेला, दोन साध्या कागदांच्या मध्ये. डबा टेपने बंद करून थर्माकोलच्या पेटीत किमान ७ दिवस ठेव. कागदाने मातीतून किती पाणी ओढलं त्यावरून सक्शन कळतं. पण खरी चूक कागदाचं वजन करताना होते. कागद ५ सेकंदांत झाकणाच्या डबीत गेला पाहिजे आणि तराजू ०.०००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. आपल्याकडच्या जुलैत उघडा ठेवलेला सुका कागद बघता बघता हवेतली ओल ओढतो.